मेंढरांमागच्या माणसाची मजुरी

मेंढीपालनाचा विषय कुठंही निघो, कृषी प्रदर्शनाच्या मंडपात, बाजार समितीच्या आवारात किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यासमोर, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "धंदा चांगला आहे हो, पण मेंढरांमागं जायला आता माणसं मिळत नाहीत." त्यामागोमाग कारणंही येतात. पोरं मोबाईलच्या नादी लागली. शाळेनं त्यांना ना घरचं ठेवलं ना रानाचं. रेशनच्या धान्यानं कष्टाची सवय मोडली. आणि शेवटी तोडगा सांगितला जातो की मेंढपाळांनी आता भटकणं सोडावं, शेड बांधावी, बंदिस्त मेंढीपालन करावं, म्हणजे माणसांचा प्रश्नच राहणार नाही.

ही मांडणी इतक्या वेळा आणि इतक्या शहाण्या माणसांकडून केली जाते की तिला उत्तर देणं भाग आहे. माणसं मिळत नाहीत हे खरं आहे. त्याची सांगितली जाणारी कारणं मात्र खोटी आहेत, आणि तोडगा तर ज्यांच्या अंगावर आधीच सगळा भार आहे त्यांच्यावरच आणखी भार टाकणारा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: मेंढरांमागं चालणं हे काम आहे, त्या कामाला तास आहेत, धोका आहे, कसब आहे, म्हणून त्याला मजुरी आणि संरक्षण असायला हवं. आजवर आपण मेंढी मोजली, तिला टोचलं, तिची जात सुधारली, तिच्यासाठी अनुदान दिलं. तिच्यामागच्या माणसाच्या श्रमाचा हिशोब कोणीच मांडला नाही.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाखांच्या आसपास मेंढ्या नोंदवल्या गेल्या, त्यातल्या जवळपास २७ लाख महाराष्ट्रात. या २७ लाखांमागं किती माणसं चालतात, त्यातली घरची किती, सालानं ठेवलेली किती, बायका किती, चौदा वर्षांखालची पोरं किती, हे त्या गणनेतून कळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेत भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद पहिल्यांदाच घ्यायचं ठरलं, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याआधीच्या वीस गणनांमध्ये ती घ्यावीशी वाटली नाही, यावरून आपली नजर कुठं होती ते दिसतं.

हे काम नेमकं काय असतं ते आधी पाहू, कारण आळशीपणाचा आरोप करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मेंढपाळांचा वाडा रस्त्याच्या कडेनं जाताना पाहिलेला असतो, तळावर पाहिलेला नसतो.

माण, खटाव, फलटण, आटपाडी, सांगोला, पारनेर, संगमनेर या कोरड्या तालुक्यांतले वाडे दसरा-दिवाळीनंतर निघतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही नीरा-भीमेच्या बागायती पट्ट्यात फिरतात, आणि पाऊस तोंडावर आला की माघारी वळतात. वाडा म्हणजे चार-सहा घरांची मेंढरं एकत्र, सोबत घोडी, कुत्री, कोंबड्या, म्हातारीकोतारी आणि लेकरं. तळ हलवायचा दिवस असेल तर बाई अंधारात उठते. तीन दगडांच्या चुलीवर दुपारपर्यंतच्या भाकरी थापते. मग कोकरं पाजायची. प्रत्येक कोकरू त्याच्याच आईला लावावं लागतं. दीडशे मेंढ्यांत कुठलं पिल्लू कुठल्या मेंढीचं हे तिला तोंडपाठ असतं, आणि एखादी मेंढी पिल्लू जवळ घेत नसेल तर तिला धरून, पाय दाबून पाजावं लागतं. उजाडता उजाडता पुरुष मेंढरं घेऊन चरायला निघतात. मागं राहिलेली बाई वाघर सोडते. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी, दवानं भिजली की हाताला जड लागते. मेखा उपटायच्या, जाळी गुंडाळायची, भांडी, धान्याची पोती, बाज, पाण्याचे ड्रम, सगळं घोड्यांवर तोल सांभाळून लादायचं. आज जन्मलेली कोकरं पोत्यांच्या खोबणीत. चालता न येणारं आपलं मूल त्याच घोड्यावर, दोरीनं बांधून. मग सात-आठ किलोमीटर चालत पुढच्या शेतावर जायचं आणि मेंढरं परतायच्या आत सगळं पुन्हा उभं करायचं. जाळी ठोकायची, पाणी शोधून आणायचं, गावात जाऊन दळण आणायचं, चूल पेटवायची.

पुरुषाचा दिवस वेगळा, पण हलका नाही. खांड म्हणजे मेंढरांचा कळप घेऊन दहा-पंधरा किलोमीटरची चाल, एका हातात काठी, खांद्यावर घोंगडी आणि बाभळीच्या शेंगा पाडायला आकडी. रात्री आळीपाळीनं जागायचं. लांडगा येतो, बिबट्या येतो, आणि अलीकडं गाडी लावून मेंढरं चोरणारेही येतात. डोळा लागला तर सकाळी दोन मेंढरं कमी, म्हणजे महिन्याची कमाई गेली. या कामाला सुट्टीचा वार नाही. ताप आला म्हणून मेंढरं उपाशी ठेवता येत नाहीत.

आता मला सांगा, या कामातून बाहेर पडून रांजणगावच्या किंवा चाकणच्या कारखान्यात कंत्राटी का होईना, आठ तासांची पाळी करणारा पोरगा आळशी कसा? तिथं त्याला महिन्याला पगार मिळतो, रात्री छपराखाली झोपता येतं, आणि लग्नाच्या बाजारात त्याला कोणी मुलगी नाकारत नाही. तो कष्टाला भिऊन गेलेला नाही. मोजल्या न जाणाऱ्या कष्टातून मोजल्या जाणाऱ्या कष्टाकडं गेला आहे. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही हेच केलं असतं.

माणसं कमी पडण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते पोरांच्या स्वभावात शोधून सापडणार नाही. ते जमिनीत आहे. पूर्वी पीक निघालं की शिवारं मोकळी व्हायची, पडीक रानं होती, गायरानं होती. खांडीच्या पुढं एक, मागं एक, एवढ्यावर भागत होतं. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बारमाही ऊस, द्राक्षं, डाळिंब. गायरानात कुठं सौर प्रकल्प, कुठं अतिक्रमण. उभ्या पिकाच्या दोन भिंतींमधून दोनशे मेंढरं न्यायची म्हणजे तिसरा माणूस लागतो, कधी चौथा. दोन मेंढ्यांनी उसाचं तोंड धरलं तरी शिव्या, दंड, मारहाण. राखीव जंगलात पाऊल पडलं तर १९२७ चा वन कायदा, पिकात पडलं तर १८७१ च्या कायद्यातला कोंडवाडा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे, पण तो हक्क मागायचा कुठल्या ग्रामसभेत? जिथं वाडा आठ दिवस थांबतो तिथं, की जिथं घर आहे पण जंगल नाही तिथं? म्हणजे माणसांची गरज वाढली ती आपण रानं बंद केल्यामुळं, आणि दोष गेला पोरांच्या माथी.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की मेंढपाळ हा मालक आहे, त्याला मजूर ठरवणं हा त्याचा अपमान आहे. ज्याच्याकडं शंभर मेंढ्या, त्याची लाखोंची इस्टेट रानात चरते आहे, असं सांगितलं जातं. ही इस्टेट कोणाची आहे ते जरा नीट बघा. खांडीतली सगळी मेंढरं राखणाऱ्याची नसतात. गावात राहणारा, नोकरी करणारा, कधीकधी राजकारण करणारा माणूस आपली वीस-तीस मेंढरं अर्धलीनं देतो. जन्मलेल्या कोकरांत निम्मी त्याची, निम्मी राखणाऱ्याची. चराई, औषधपाणी, रात्रीची राखण, पिकाच्या नुकसानीचा दंड, पावसात मेलेल्या कोकरांचा तोटा, यातला बहुतेक भार राखणाऱ्यावर. दुसरा प्रकार सालगड्याचा. पाडव्याला ठरवतात, थोडी उचल देतात, वर्षाअखेर ठरलेले पैसे किंवा काही मेंढरं देतात, मधल्या काळात भाकरी, कपडा आणि घोंगडी. हा गडी मालक नाही, भागीदार नाही, आणि त्याच्या हातात एक ओळही लिहिलेली नसते. आणि तिसरी, खांडीची मालकीण म्हणवली जाणारी बाई. विक्रीचे पैसे तिच्या हातात येत नाहीत, योजनेच्या अर्जावर तिचं नाव क्वचित असतं, आणि बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात तिचं सगळं काम 'घरचे श्रम' या दोन शब्दांत जमा होतं. त्यापुढच्या रकान्यात खर्च लिहिलेला नसतो. तो लिहिला तर कागदावर दिसणारा नफा किती उरेल, हे असे अहवाल तयार करणाऱ्यांनी एकदा बघावं.

कायदा याबाबतीत मुळीच मुका नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत शेतीची व्याख्या करताना पशुपालनाचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे दुसऱ्याची मेंढरं पगारावर राखणारा माणूस पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ किमान वेतनाचा हक्कदार आहे. २०१९ च्या वेतन संहितेनं तर अनुसूचीची अटच काढून टाकून किमान वेतन सगळ्याच रोजगारांना लावलं. तरी मेंढ्यांच्या सालगड्याला किमान वेतन मिळतं का, हे पाहायला कामगार खात्याचा माणूस कधी वाड्यावर गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वाडा फिरता असतो, सापडत नाही, हे कारण मला पटत नाही. लस टोचायला पशुसंवर्धन खात्याचा माणूस वाडा शोधून काढतोच.

आता ज्या मुद्द्यावर बोलायला आपल्यातले बहुतेक जण कचरतात, त्यावर बोललं पाहिजे. २०२२ च्या सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी समाजाची एक दहा वर्षांची मुलगी मरण पावली, आणि त्यातून जे बाहेर आलं ते कोणाही मराठी माणसाची मान खाली जावी असं होतं. कातकऱ्यांची लहान लहान मुलं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडं मेंढरं राखायला दिली जात होती. मोबदला होता काही हजार रुपये आणि एखादं मेंढरू. श्रमजीवी संघटनेनं हे प्रकरण लावून धरलं, मुलांची सुटका झाली, वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. हा कायदा १९७६ चा. कातकरी ही आपल्या राज्यातल्या तीन अतिवंचित आदिम जमातींपैकी एक. त्या जमातीची पोरं एकविसाव्या शतकात, मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर, मेंढरांच्या बदल्यात कामाला लागली.

तेव्हा दोन बाजूंनी दोन प्रकारची बोलणी ऐकली. एका बाजूनं सगळ्या धनगर समाजालाच गुन्हेगार ठरवलं गेलं. दुसऱ्या बाजूनं असं म्हटलं गेलं की हा समाजाच्या बदनामीचा डाव आहे, पोरांना पोटभर खायला मिळत होतं, आईबापांनीच दिली होती. पहिलं बोलणं अन्यायाचं आहे. पोटच्या लेकराला घोड्यावर बांधून उन्हातान्हात फिरणारी, स्वतः कुठल्याच कायद्याच्या छपराखाली नसलेली हजारो कुटुंबं या गुन्ह्यात नाहीत. पण दुसरं बोलणं मला त्याहून जास्त संताप आणतं. दहा वर्षांच्या मुलीला पोटभर जेवण देणं हा तिच्या बालपणाचा मोबदला होऊ शकत नाही. आईबापांनी दिली म्हणून ती देण्याजोगी वस्तू होत नाही. उपाशी आईबापांच्या होकाराला करार म्हणायचं नाही, म्हणूनच तर वेठबिगारीचा कायदा झाला. समाजाची बाजू घेणाऱ्यानं सगळ्यात आधी हे म्हणायला हवं होतं की ज्यांनी ही मुलं राबवली त्यांना शिक्षा व्हावी आणि त्यात कोणाचीही जात आड येऊ नये.

आणि हे सगळं घडलं कसं, तेही सांगायला हवं, कारण 'माणसं मिळत नाहीत' या वाक्याचा शेवट तिथंच होतो. मेंढपाळाचा स्वतःचा मुलगा शाळेत गेला, त्यानं जायलाच हवं होतं. खांडीमागं तिसरा माणूस हवा. मोठ्या माणसाला मजुरी द्यायची तर ती बांधकामावरच्या बिगाऱ्याइतकी तरी द्यावी लागते, आणि हिशोबात तर मजुरीचा रकानाच नाही. मग हात आपल्याहून गरीब घराकडं वळतो, आणि तिथंही वयानं सगळ्यात लहान, बोलू न शकणाऱ्या माणसाकडं. ज्या धंद्यात श्रमाची किंमत शून्य धरली जाते, तिथं शून्य किमतीत येणारा मजूर शोधला जातो, आणि तो बहुधा लेकरूच असतो. या मुलांना सोडवून घरी पोचवलं म्हणून प्रश्न मिटत नाही. जोवर मेंढरं राखण्याची मजुरी ठरत नाही, ती देणं बंधनकारक होत नाही, तोवर कुठल्या ना कुठल्या पाड्यावर हा सौदा होत राहण्याची भीती आहे. घरच्या पोरांबद्दलही तेच. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा चौदा वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही कामावर ठेवायला बंदी करतो, पण घरच्या व्यवसायात शाळा सांभाळून मदत करायला सूट देतो. वाडा सहा-सात महिने हलता असेल तर शाळा सांभाळून म्हणजे नेमकं काय? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, अपुरी का होईनात. मेंढपाळाच्या मुलासाठी गावात आजी-आजोबा असतील तर शाळा, नाहीतर घोड्याचा लगाम.

आता बंदिस्त मेंढीपालनाकडं येऊ. राज्य सरकारची महामेष योजना २०१७ पासून आहे. २० मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदान. योजना चांगल्या हेतूनं आणली गेली आणि अनेकांना तिचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. पण ज्यांना वाटतं की शेडमध्ये बांधली की मेंढी माणूस मागत नाही, त्यांनी साधा गुणाकार करून पाहावा. मोठी मेंढी दिवसाला ओला-सुका मिळून तीन-चार किलो चारा खाते. एकवीस जनावरांना रोज सत्तर-ऐंशी किलो. रानात मेंढी हे वजन स्वतःच्या पायांनी गोळा करते. शेडमध्ये ते कोणीतरी कापायचं, डोक्यावर आणायचं, कुट्टी करायची, गव्हाणीत घालायचं, पाणी भरायचं, लेंड्या काढायच्या. कोणी? शंभरातल्या नव्वद घरांत घरातल्या बाईनं. पुरुष मग मोकळा होतो आणि कामाला बाहेर जातो, आणि आकडेवारीत नोंद होते की मेंढीपालनाला मजूर लागत नाही. शिवाय चारा पिकवायला जमीन आणि पाणी लागतं. भूमिहीन मेंढपाळाकडं ते असतं तर तो चार महिने कोकणात कशाला उतरला असता? दख्खनी मेंढी शतकानुशतकं चालत राहिली ती चारा फुकटचा होता म्हणून. चालणं थांबवलं की तो चारा विकत घ्यावा लागतो, नाहीतर बाईच्या पाठीवरून आणावा लागतो. तिसरी वाट नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गारोळ मेंढीतला जुळी देण्याचा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. हे फार मोलाचं काम आहे, त्यामागं वर्षानुवर्षांची चिकाटी आहे, आणि मला त्याबद्दल नितांत आदर आहे. पण जुळी झाली की आईचं दूध दोघांना पुरत नाही, एकाला बाटली लावावी लागते, दोघांना थंडीपासून जपावं लागतं. त्या वाढीव कोकरामागं वाढीव तास आहेत. कोकराची किंमत बाजारात ठरते, त्या तासांची कुठंच ठरत नाही. संशोधकांनी जात दिली, तिच्यामागच्या श्रमाचा हिशोब मांडणं हे धोरण करणाऱ्यांचं काम होतं आणि ते त्यांनी केलेलं नाही.

सगळ्यात जोरात केला जाणारा युक्तिवाद शेवटचा: "मजुरी लावली तर धंदा परवडणारच नाही." हा युक्तिवाद प्रामाणिक मेंढपाळही करतो, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिलं पाहिजे. धंद्यातला पैसा कुठं झिरपतो ते बघायला लोणंदच्या बाजारात जावं. मेंढपाळ बोकड-कोकरं घेऊन उभा असतो. व्यापारी येतो, जनावराच्या कमरेवर, पाठीच्या कण्यावर अंगठा दाबतो, मागचा पाय उचलून पाहतो, आणि आकडा बोलतो. काटा नाही. बोटांची खूण होते, दलालाची मध्यस्थी होते, सौदा नगावर होतो. व्यापाऱ्याच्या अंगठ्याला वजन कळतं, मेंढपाळालाही कळतं, पण मेंढपाळाला संध्याकाळच्या आत परत वाड्यावर जायचं असतं आणि न विकलेलं जनावर माघारी न्यायचं भाडं त्याच्या अंगावर असतं. म्हणून तो मान डोलावतो. त्याच मटणाला पुण्या-मुंबईत किलोला सातशे रुपयांच्या वर मोजावे लागतात आणि ते काट्यावर तोलून घेतलं जातं. ज्या बाजारात कांद्याची गोणी आणि हळदीचं पोतं तोलल्याशिवाय हलत नाही, तिथं कोकरू अंदाजानं का विकलं जातं, याचं उत्तर बाजार समित्यांनी द्यावं. जिवंत वजनावर खरेदी सक्तीची करा, आणि मग परवडतं की नाही ते बघू. तीच गोष्ट खताची. शेतात मेंढरं बसवली की शेतकऱ्याला उत्तम खत मिळतं. पूर्वी त्याचं धान्य मिळायचं, आज काही ठिकाणी रात्रीमागं पैसे मिळतात आणि काही ठिकाणी नुसती चरायची मुभा. सेंद्रिय शेतीच्या गप्पा मारणाऱ्या आपल्या सरकारनं या सेवेला दर ठरवून दिला, तर मजुरीचा मोठा वाटा तिथूनच निघेल. लोकरीचं तर बोलायलाच नको. कातरणीचा खर्चही निघत नाही.

'रानातल्या कामाचे तास मोजता येत नाहीत' असंही म्हणतात. अमेरिकेत हेच म्हटलं जात होतं. वायोमिंग, युटा, कोलोरॅडोच्या डोंगरांत मेंढरं राखायला पेरूहून तात्पुरत्या व्हिसावर माणसं आणली जातात. चाकांवरच्या एका खोलीत, महिनोन् महिने एकटी. त्यांचा पगार कित्येक राज्यांत वर्षानुवर्षं महिना ७५० डॉलरवर अडकलेला होता. प्रकरण न्यायालयात गेलं, २०१४ मध्ये निकाल आला आणि २०१५ मध्ये तिथल्या श्रम खात्यानं नवा नियम केला: आठवड्याचे ४८ तास धरा, त्याला देशाच्या किमान वेतनानं गुणा. त्यातून महिना सुमारे १,५०० डॉलर हा आकडा निघाला आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू झाला. मेंढपाळ प्रत्यक्षात ४८ तासांहून कितीतरी जास्त राबतो, म्हणून हा नियमही पुरेसा नाही. पण तास धरता येतात हे त्यानं सिद्ध केलं, आणि धंदा बुडेल अशी भीती तेव्हाही घातली गेली होती. ऑस्ट्रेलियात तर १८९१ मध्ये क्वीन्सलँडच्या मेंढ्या कातरणाऱ्यांनी एवढा मोठा संप केला की त्या चळवळीतून पुढं लेबर पक्ष उभा राहायला बळ मिळालं. मेंढरांमागचा माणूस विखुरलेला असतो म्हणून त्याला हक्क मागता येत नाहीत, हे निदान या दोन ठिकाणी तरी खरं ठरलेलं नाही.

परंपरेचं नाव पुढं करणाऱ्यांना मी थोडक्यातच उत्तर देतो. बिरोबा, खंडोबा, गजी नृत्य, ओव्या, घोंगडी हे सगळं धनगर समाजाचं वैभव आहे. पण परंपरा आहे म्हणून बाईनं उघड्यावर बाळंत व्हावं, हे मला मान्य नाही. ज्याला ही परंपरा जपायची आहे त्यानं ती पाळणाऱ्याच्या पोटापाण्याची आणि दवाखान्याची सोय आधी करावी.

राज्यात १९७८ पासून मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, आज त्याला अहिल्यादेवींचं नाव आहे. रांजणी, दहिवडी, महूद इथं त्याची प्रक्षेत्रं आहेत, जातिवंत नर तयार होतात. ऊसतोड कामगारांसाठी मात्र वेगळं कल्याण महामंडळ करावं लागलं, आणि त्याला टनामागं दहा रुपये साखर कारखान्यांकडून घ्यायचं ठरलं, तेवढेच सरकारनं घालायचे. ऊसतोड्यांचे हाल त्यानं संपलेले नाहीत, पण निदान तो कामगार आहे हे राज्यानं कागदावर मान्य केलं. मेंढपाळाबद्दल तेवढंही झालेलं नाही. मेंढीचा विमा निघतो. शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजना आहे, सर्पदंश झाला, विजेचा धक्का बसला, वाहनानं उडवलं तर वारसाला दोन लाख मिळतात, पण नाव सात-बाऱ्यावर असायला हवं किंवा त्या खातेदाराच्या कुटुंबातलं तरी हवं. महामार्ग ओलांडताना कळपासोबत ट्रकखाली आलेला भूमिहीन राखण्या त्यात बसत नाही. साप मात्र उघड्यावर झोपणाऱ्या त्यालाच आधी चावतो.

धनगर समाजाच्या नेत्यांनाही माझं सांगणं आहे. आरेवाडीच्या मेळाव्यात आरक्षणावर बोललं जातं, बोललंच पाहिजे. पण त्या दिवशी मेंढरं सोडून येता आलं नाही अशा माणसाच्या मजुरीवर, त्याच्या विम्यावर, जिवंत वजनाच्या काट्यावर एक ठराव तरी व्हावा. अनुसूचित जमातीत समावेश झाला तरी सालगड्याची उचल तशीच राहणार असेल, तर त्या गड्याच्या आयुष्यात काय फरक पडणार?

कामगार खात्यानं मेंढ्या राखण्याच्या कामाला मासिक दर जाहीर करावा आणि पशुसंवर्धन खात्याच्या लसीकरणाच्या फेरीबरोबर वाड्यावरच्या माणसांची नोंद करावी, मालकाची आणि गड्याची वेगवेगळी, बाईची तिच्या स्वतःच्या नावानं. अपघात योजनेतली सात-बाऱ्याची अट मेंढपाळांपुरती काढावी. हंगामी वसतिगृहांत मेंढपाळांची मुलं घ्यावीत. यातल्या कुठल्याच गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

आणि ज्यांच्या खांडी मोठ्या आहेत, जे अर्धलीनं मेंढरं देतात, गडी ठेवतात, त्यांना माझी विनंती आहे. येत्या पाडव्याला जो गडी ठेवाल त्याचं वय अठराच्या वर आहे याची खात्री करा, ठरलेली रक्कम चार माणसांसमोर कागदावर लिहा, एक प्रत त्याच्या हातात द्या आणि पैसे वर्षाअखेर नव्हे, महिन्याच्या महिन्याला द्या. एवढं जमत नसेल तर गडी ठेवू नका, मेंढरं कमी करा.